स्वतंत्रपणे काढलेल्या आरपीजीची किंमत कशी ठरवावी? (३२-३६ पाने, मराठी व इंग्रजी आवृत्ती)

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार. गेली अडीच वर्षे मी एका छोट्या टेबलटॉप आरपीजीवर, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवत गोष्ट रचण्याच्या खेळावर, काम करते आहे. खेळाचे नाव 'मुक्कामाची गाडी'. संध्याकाळी तालुक्याहून सुटणारी आणि शेवटच्या गावात रात्री मुक्कामाला थांबणारी एसटी भर पावसात दरड कोसळल्यामुळे घाटात अडकते आणि उजाडेपर्यंत चालक, वाहक व प्रवासी एकमेकांच्या सोबतीने रात्र काढतात, एवढाच त्याचा विषय आहे. खेळ चालवणारा एक सूत्रधार, तीन ते पाच खेळाडू, सहा बाजूंचे दोन साधे फासे आणि प्रत्येकाच्या हातात एक कागदी तिकीट लागते. आपल्या पात्राने काही लपवले की वाहक झालेला खेळाडू त्या तिकिटाला भोक पाडतो आणि पाचवे भोक पडले की लपवलेली गोष्ट सांगावीच लागते. एक बैठक साधारण तीन तासांत पुरी होते. आतापर्यंत अकरा गटांबरोबर मी हा खेळ चालवून पाहिला आहे आणि नियमांबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. शंका आहे ती किमतीबद्दल.

झालेला खर्च असा आहे: मुखपृष्ठ आणि आतली सात चित्रे यांचे १८,००० रुपये, मराठी व इंग्रजी मुद्रितशोधनाचे ४,००० रुपये. मांडणी मी स्वतः केली आणि मुक्ता हा खुल्या परवान्याचा टंक वापरल्यामुळे टंकासाठी काही द्यावे लागले नाही. माझे स्वतःचे तास यात धरलेले नाहीत. पुस्तिका ए-५ आकाराची असून ३६ पानांची झाली आहे. डिजिटल छपाईवर २०० प्रती काढल्यास एका प्रतीला ६८ रुपये पडतील असे मला सांगण्यात आले आहे.

इंग्रजी पीडीएफ इच डॉट आयओ या स्वतंत्र निर्मात्यांचे खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर ठेवायची आहे. तिथे एवढ्याच आकाराचे खेळ फुकटापासून दहा डॉलरपर्यंत दिसतात आणि त्यावरून काहीच बोध होत नाही. पहिलाच खेळ आहे तर दोन डॉलरच्या वर जाऊ नये, असे एका मित्राचे म्हणणे आहे; किंमत खरेदीदारावरच सोडून द्यावी, असे दुसऱ्याचे मत आहे. मराठी पीडीएफसाठी तर घरच्यांनीच ५० रुपये सुचवले, कारण आपल्याकडे पीडीएफला कोणी पैसे देत नाही अशी सर्वांची खात्री आहे. मला यातून घर चालवायचे नाही, परंतु चित्रकाराचे पैसे माझ्या पगारातून गेले आहेत आणि पुढच्या खेळाला तेवढी रक्कम या खेळातून उभी राहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्यांनी असे खेळ विकले आहेत किंवा नियमितपणे विकत घेतले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दोन_फासे

सर्वप्रथम, अकरा गटांबरोबर खेळून पाहिल्याबद्दल आपले अभिनंदन करते. पुष्कळ खेळ दोन-तीन गटांवरच बाजारात येतात आणि ते वाचताना लक्षात येते. मी गेल्या काही वर्षांत चार छोटे खेळ इंग्रजीतून विकले आहेत, तेव्हा इच डॉट आयओपुरते अनुभवाने सांगते.

दोन डॉलरचा सल्ला हितचिंतकाने दिला असला तरी तो कृपया मानू नका. प्रत्येक व्यवहारावर पैसे वळते करणारी सेवा साधारणपणे ३० सेंट आणि वर २.९ टक्के घेते. इचचा स्वतःचा वाटा किती असावा हे विक्रेत्यालाच ठरवता येते, अगदी शून्यही ठेवता येतो, परंतु न बदलल्यास तो १० टक्के असतो आणि ज्या जागेवर आपले खेळ उभे आहेत तिला तेवढा वाटा द्यावा, असे माझे मत आहे. आता हिशोब पाहा. दोन डॉलरच्या विक्रीतून ५६ सेंट कापले जातात आणि हाती १ डॉलर ४४ सेंट येतात, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम वाटेतच संपते. आठ डॉलरच्या विक्रीतून १ डॉलर ३३ सेंट जातात आणि ६ डॉलर ६७ सेंट उरतात, म्हणजे कपात सहाव्या हिश्श्यावर येते. ते ३० सेंट लहान किमतीला खातात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर आपले २२,००० रुपये वसूल होण्यासाठी आठ डॉलरने सुमारे ४० प्रती खपाव्या लागतील आणि दोन डॉलरने १८०. चलन बदलताना बँक जे घेते ते यात धरलेले नाही.

किंमत चौपट कमी केली म्हणून खरेदीदार चौपट होतात, असे मी एकदाही पाहिलेले नाही. माझा दुसरा खेळ मी दीड डॉलरला ठेवला होता आणि तिसरा सात डॉलरला. दोन्ही खेळ जवळपास त्याच माणसांनी घेतले, कारण त्यांनी माझा पहिला खेळ खेळला होता. अनोळखी माणूस किंमत पाहण्याआधी मुखपृष्ठ पाहतो, दोन वाक्यांचे वर्णन वाचतो आणि आतली एक-दोन पाने पाहायला मिळतात का ते शोधतो. तिकिटाला भोक पाडण्याचा नियम ज्या पानावर आहे ते पान आपण नमुना म्हणून अवश्य दाखवा.

किंमत खरेदीदारावर सोडण्याबद्दल सांगायचे तर, रकाना मोकळा दिसला की बहुतेक जण शून्य भरतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण न वाचलेल्या वस्तूची योग्य किंमत त्यांनी तरी कशी ठरवावी? त्यापेक्षा किमान किंमत ठरवा. इचवर ज्याला वाटेल तो किमान किमतीहून अधिक देऊ शकतो आणि काही जण खरोखर देतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तिथे सामुदायिक प्रतींची रीत आहे. मर्यादित संख्येची, शून्य किमतीची एक वेगळी पायरी ठेवायची आणि जेवढ्या प्रती विकल्या जातील तेवढ्या त्या पायरीत भर घालत जायची. कोणी कारण विचारत नाही, कोणी पुरावा मागत नाही. गरजूंचा विचार त्या पायरीवर होतो, तेव्हा त्यासाठी सर्वांचीच किंमत उतरवण्याची आवश्यकता राहत नाही.

ड्राइव्हथ्रूआरपीजी या आरपीजी विकणाऱ्या संकेतस्थळावरही खेळ ठेवता येईल. तिथे सर्वत्र विकण्याची मोकळीक ठेवल्यास आपल्याला ६५ टक्के मिळतात, फक्त तिथेच विकण्याचे मान्य केल्यास ७०. आठ डॉलरमागे ५ डॉलर २० सेंट किंवा ५ डॉलर ६० सेंट. पाच टक्क्यांसाठी स्वतःला एका दुकानाशी बांधून घेऊ नये.

फर्मा

छापील प्रतीबद्दल लिहितो, कारण तो माझा रोजचा व्यवसाय आहे.

पहिली गोष्ट, ३६ पाने करू नका, ३२ करा. पुस्तकी छपाई फर्म्याने, म्हणजे एका तावावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या संचाने, चालते आणि ए-५ आकारात एक फर्मा १६ पानांचा धरतात. ३२ पाने म्हणजे सरळ दोन फर्मे आणि वर चार पानांचे आर्ट कार्डचे कव्हर. जादा चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळा कागद आणि वेगळी घडी करावी लागते आणि खर्च पानांच्या प्रमाणात न वाढता एकदम उडी घेतो. परवान्याची माहिती, आभार आणि पात्रनोंदीचा कोरा तक्ता कव्हरच्या आतल्या दोन बाजूंवर घेता येईल का ते पाहा. आत एकाच रंगात १०० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, मधोमध दोन पिना, कव्हर चार रंगांत, अशी ५०० प्रतींची ऑफसेट छपाई केली तर एक प्रत चाळीस रुपयांच्या आत-बाहेर पडावी. डिजिटलवर २०० प्रतींना आपण १३,६०० रुपये देणार आहात आणि इथे ५०० प्रतींना सुमारे २०,०००. मात्र ५०० प्रती खपतील याची खात्री नसेल तर स्वस्ताच्या मोहाने ऑफसेटकडे जाऊ नका. पलंगाखाली गठ्ठे पडून राहिलेले लेखक मी पुष्कळ पाहिले आहेत आणि कसर लागलेली प्रत शून्य रुपयांचीही उरत नाही.

छापील किंमत निर्मितीखर्चाच्या चार ते पाच पट ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे आणि बाहेरच्या माणसाला ती नफेखोरी वाटते, म्हणून तिचे कारण सांगतो. विक्रेता चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक सूट घेतो. २०० रुपयांच्या प्रतीतले १२० आपल्याकडे येतील, त्यातले ४० छपाईत गेले, उरले ८०. त्यातून चित्रकार, मुद्रितशोधन, परीक्षणासाठी दिलेल्या प्रती आणि दुमडून परत आलेल्या प्रती निघायच्या आहेत. तीच प्रत १०० रुपयांना ठेवली तर विक्रेत्याकडून ६० येतील आणि हाती २० उरतील. माझ्या ओळखीच्या एका लेखकाच्या पन्नास प्रती एका दुकानात विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवल्या होत्या. हिशोब दीड वर्षाने मिळाला आणि त्या मुदतीत त्यांची दुसरी पुस्तिका पैशांअभावी अडून राहिली. दुकानांवर विसंबून राहावयाचे असेल तर एवढा काळ सोसण्याची तयारी किमतीतच असावी लागते.

कराविषयी एकच सांगतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. आपण फासे, पत्ते आणि तिकिटे घालून डबा केला की ती वस्तू निव्वळ पुस्तक राहत नाही, तेव्हा डबा करण्याआधी हिशोबनिसाला विचारून घ्यावे.

आणि आपल्याकडची जुनी, चांगली रीत विसरू नका: प्रकाशनपूर्व सवलत. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मोहीम काढता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून पुष्कळ तरुण निर्माते हळहळतात. परंतु मराठी प्रकाशकांनी कोश आणि मोठे ग्रंथ वर्षानुवर्षे आगाऊ नोंदणीवरच उभे केले आहेत. २०० रुपयांची प्रत १६० ला आगाऊ नोंदवून घ्या. १२५ जणांनी नोंदवली की छपाईचे २०,००० रुपये हाती आले. टपालखर्च वेगळा घ्यावा. तेवढी नोंदणी झाली नाही तर डिजिटलवर शंभर प्रती काढून दिलेला शब्द पाळता येतो.

ठाण्याचा_सूत्रधार

मी विकत घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. दर पंधरवड्याला आमचा सहा जणांचा गट जमतो आणि आजवर जे खेळ आम्ही खेळलो ते सगळे मी एकट्याने विकत घेतलेले आहेत. बहुतेक गटांत असेच असते. एक जण घेतो, वाचतो, इतरांना शिकवतो, आणि बाकीच्यांनी पुस्तक उघडलेलेही नसते. म्हणून आपण खेळाडूच्या खिशाचा विचार करत असाल तर तो थोडा बाजूला ठेवा. आपला ग्राहक सूत्रधार आहे. त्याला पैशांची चिंता असतेच, पण त्याहून मोठी चिंता असते ती वाचायला लागणाऱ्या वेळाची आणि शनिवारची संध्याकाळ वाया जाण्याची. ज्या खेळात पहिली बैठक कशी सुरू करावी हे दोन पानांत नीट सांगितले आहे त्याला मी आनंदाने सहाशे रुपये देईन. जिथे ते माझे मलाच शोधावे लागेल असा खेळ मी फुकटही उतरवून घेत नाही.

तरीही माझे मत दोन_फासे यांच्याहून थोडे वेगळे आहे. नियम फुकट असावेत आणि त्यांच्याभोवतीची सामग्री विकावी, असे मला वाटते. आयर्नस्वॉर्न या खेळाची पीडीएफ २०१८ पासून विनामूल्य आहे आणि त्याच्या लेखकाने पुढे स्टारफोर्ज्ड हा खेळ २०२१ मध्ये लोकवर्गणीतून उभा केला, तेव्हा पाठीशी उभे राहणारे लोक त्या फुकट खेळानेच जमवलेले होते. मदरशिप या खेळाच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तिकेची पीडीएफ अशीच हवी ती किंमत देऊन घेता येत असे, साहसकथांच्या पुस्तिका मात्र विकत घ्याव्या लागत, आणि २०२१ मध्ये त्यांच्या डब्याच्या आवृत्तीसाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. मराठीत तर अजून खेळणारेच घडवायचे आहेत. ज्याने आयुष्यात आरपीजी पाहिलेली नाही त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी किंमत का ठेवावी?

घाटवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फर्मा यांचा ३२ पानांचा सल्ला वाचून काल रात्रीच मांडणी पुन्हा उघडली. मार्गांचे दोन नकाशे एका पानावर आले आणि आभार कव्हरच्या आत गेले, तेव्हा ३२ पाने जमतील असे दिसते.

ठाण्याचा_सूत्रधार यांच्या मुद्द्याने मात्र माझी द्विधा मनःस्थिती झाली आहे. आपण दिलेल्या दोन्ही उदाहरणांत नियमांच्या मागून विकण्यासारखे काहीतरी आणखी होते. माझा खेळ एका रात्रीचा आहे, त्याला पुढचे भाग नाहीत. नियम फुकट दिले तर विकायला शिल्लक काय राहील?

बर्फातला_सातारकर

मी मूळचा साताऱ्याचा, गेली चौदा वर्षे टोरांटोत राहतो. इथे दर महिन्याला एका वाचनालयात आम्ही खेळायला जमतो आणि आपल्या घाटाची गोष्ट इथल्या मुलांना खेळायला मिळणार या कल्पनेनेच मला भरून आले.

किमतीचा इतिहास थोडा सांगावासा वाटतो, कारण आपल्या मनातली 'योग्य किंमत' कुठून आली हे त्यावरून कळते. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सचा पहिला डबा निघाला तेव्हा त्यात तीन पातळ पुस्तिका होत्या, प्रती १,००० काढल्या होत्या आणि किंमत १० डॉलर होती. महागाई धरली तर ती आजच्या साठ डॉलरच्याही पुढे जाते. म्हणजे या छंदातली पहिली वस्तू आजच्या झाइनच्या, म्हणजे स्वतः काढलेल्या छोट्या पुस्तिकेच्या, जवळची होती आणि ती स्वस्त मुळीच नव्हती. त्याच खेळाचे खेळाडूंसाठीचे पुस्तक २०१४ मध्ये ४९.९५ डॉलरला होते आणि २०२४ ची नवी आवृत्ती ४९.९९ डॉलरला आली. दहा वर्षांत कागद, वाहतूक, घरभाडे सगळे चढले आणि पुस्तक चार सेंटांनी. प्रचंड संख्येने छापणाऱ्या कंपनीला ते परवडते. परंतु शेकडो पानी रंगीत पुस्तक पन्नास डॉलरला, मग बत्तीस पानांचे किती, असा भागाकार ग्राहकाच्या मनात आपोआप होतो आणि छोटा निर्माताही तोच करू लागतो. पानांवरून किंमत लावण्याची ही सवय छोट्या खेळांचे सर्वांत अधिक नुकसान करते. 'मुक्कामाची गाडी' साठ पानांची असती तर ती अधिक चांगली झाली असती का? अकरा गटांनंतर जे काढून टाकले त्याचीही किंमत असते.

दुसरे, २०२० च्या जून महिन्यात इचवर वांशिक न्यायासाठी जो संच निघाला त्यात किमान पाच डॉलरला १,७०० हून अधिक कृती होत्या, त्यांत अनेक आरपीजीही होत्या, आणि ८० लाख डॉलरहून अधिक निधी जमला. ते काम मोठेच होते आणि मीही तो संच घेतला. पण त्या संचातले किती खेळ मी वाचले असे विचाराल तर उत्तर द्यायला संकोच वाटतो. संचातला भाव हा देणगीचा भाव असतो. तो आपल्या एकट्या खेळाच्या किमतीसाठी मापदंड म्हणून घेऊ नका.

आता मराठी आवृत्ती. इथल्या आठ डॉलरचे रुपये करून गावाकडच्या महाविद्यालयीन मुलाकडे मागणे योग्य नाही, यावर आपले एकमत असावे. परंतु इचवर देशानुसार वेगवेगळा भाव लावण्याची सोय नाही, आणि भारतात २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपणहून सुरू करून घ्यावे लागतात, त्यामुळे तिथून मराठी प्रत घेणे माझ्या पुतण्यालाही जमले नाही. मराठी पीडीएफ यूपीआयवर थेट विकावी. त्यावर व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही, म्हणजे १२० रुपये दिले तर १२० रुपयेच पोचतात. दोन_फासे यांनी दाखवलेला तीस सेंटांचा घास इथे नाही, आणि म्हणूनच लहान किंमत परदेशी दुकानात तोट्याची असली तरी इथे चालू शकते. एकाच खेळाचे दोन भाव ठेवताना अपराधी वाटू नये, कारण दोन्हीकडचा खर्चच वेगळा आहे.

दोन_फासे

सातारकरांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. इचच्या बाहेर भारतात विकण्याचा विचार मी स्वतः कधी केला नव्हता.

घाटवाट, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की संपूर्ण खेळ फुकट देऊ नका, पण ठाण्याचा_सूत्रधार म्हणतात त्यात तथ्य आहेच. तिकिटाचा आणि फाशांचा नियम दोन पानांवर मावतो. तो आणि गाडी घाटात अडकते तो पहिला प्रसंग, एवढे विनामूल्य द्या. त्यावर एखादा गट तासभर खेळू शकेल. प्रवाशांची सोळा पात्रे, रात्रीच्या प्रहरांप्रमाणे बदलणारे प्रसंग, उजाडल्यावरचे शेवट आणि चित्रे विकत घेणाऱ्याला मिळतील.

आणखी एक, सुरुवातीची किंमत विचारपूर्वक वरची ठेवा. वर्षातून दोनदा सवलत देणे सोपे असते आणि लोकांना ते आवडते. दोन डॉलरवरून आठवर जाणे मात्र फार अवघड जाते, कारण ज्यांनी कालपर्यंत पाहून ठेवले होते त्यांना फसवल्यासारखे वाटते. मी ते एकदा करून पाहिले आणि महिनाभरात पुन्हा खाली यावे लागले.

ठाण्याचा_सूत्रधार

दोन पानी विनामूल्य नमुना मला मान्य आहे. एका रात्रीच्या खेळाला माझी दोन्ही उदाहरणे लागू पडत नाहीत, हे घाटवाट यांचे म्हणणे बरोबर आहे. ते मी लिहिताना ध्यानात घ्यायला हवे होते. एक विनंती करतो. छापील प्रत घेणाऱ्याला पीडीएफसाठी पुन्हा पैसे मागू नका. खेळ चालवताना मला पुस्तिका हातात लागते, पण पात्रांची पाने छापून वाटायला पीडीएफच हवी असते.

घाटवाट

दोन दिवस हिशोबाची वही घेऊन बसले आणि पुढीलप्रमाणे ठरवले.

इंग्रजी पीडीएफ इचवर किमान आठ डॉलर, सुरुवातीला वीस सामुदायिक प्रती आणि प्रत्येक विक्रीमागे एक भर. मराठी पीडीएफ यूपीआयवर १२० रुपये. ज्याला तेवढेही जमत नसेल त्याने नुसता निरोप पाठवावा, प्रत पाठवली जाईल आणि काही विचारले जाणार नाही. छापील मराठी प्रत २०० रुपये, प्रकाशनपूर्व नोंदणीत १६०, टपाल वेगळे, पीडीएफ सोबत. दुकानांना सध्या देणार नाही, कारण दीड वर्ष थांबण्याइतके बळ माझ्याकडे नाही. दोन पानी नमुना दोन्ही भाषांत विनामूल्य राहील.

चित्रकाराला ही आकडेवारी दाखवली. पन्नास रुपयांचा विचार चालू होता हे मी त्याला आजवर सांगितले नव्हते, ते काल सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले की छापील प्रतीबरोबर कव्हरच्या जाड कागदाची, कापून घेण्याजोगी तिकिटे देता येतील का, कारण साध्या कागदाच्या तिकिटाला तिसरे भोक पाडताना ते फाटते. फर्मा, कव्हर ज्या आर्ट कार्डवर छापले जाते त्याच्या कडेला उरणाऱ्या पट्टीत सहा तिकिटे बसतील का? एका तिकिटाचे माप १० सेंमी बाय ४ सेंमी आहे.

फर्मा

तावाचे माप पाहून सांगतो, पण सहा अवघड दिसतात, चार बसावीत. आपल्या खेळात खेळाडू जास्तीत जास्त पाच आहेत, तेव्हा पाचवे तिकीट कव्हरला बाहेरच्या बाजूने दुमडती पट्टी देऊन तिच्यावर घेता येईल. त्याचा खर्च प्रतीमागे एखाद-दीड रुपया वाढेल. कव्हरची फाइल पाठवताना चारही बाजूंना ३ मिमी जादा सोडा आणि तिकिटांच्या कापण्याच्या रेषा वेगळ्या थरावर ठेवा.